दोन हजार किलोमीटरवरनं मोटरहोम आणायची म्हणतोय, शहाणपण हाय का?

मागवाला_वडगाव

नमस्कार मंडळी. मी बेळगाव वडगावचा. एकतीस वर्षं पॉवरलूम चालवले. गेल्या दिवाळीत आठही माग मोडीत काढले. पोरगं पुण्यात नोकरीला, त्याला ह्या धंद्यात यायचं नाही, आणि साडीला भाव नाही हे आता रडून सांगण्यात अर्थ नाही. शेड रिकामं पडलंय, हातात चार पैसे हाईत, आणि घरातलं एक जुनं भांडण मिटवायचंय.

भांडण असं. आमच्या मंडळींचे गुडघे गेलेत. खाली बसता येत नाही. त्यामुळं देवदर्शन असो की लग्न, दोन तासाच्या पुढं कुठं जायचं म्हटलं की पहिला प्रश्न, "तिथं कमोड हाय का?" गाणगापूरला एका लॉजवाल्यानं फोनवर "हाय हाय" सांगितलं. गेल्यावर बघतो तर कमोड तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. तेव्हापासनं बाईसाहेब घरातनं हालत नाहीत. मला मात्र रामेश्वर बघायचंय, नर्मदा बघायची हाय.

माझी आजी सौंदत्तीला यल्लम्माच्या जत्रेला बैलगाडीतनं जायची. गाडीखाली चूल, वर ताडपत्री, आठ दिवसांचा संसार गाडीत. मग आपण का नको, असं डोक्यात शिरलं आणि मोटरहोम शोधायला लागलो. गल्लीत तिला "शूटिंगची गाडी" म्हणतात, म्हणू देत.

आता मुद्दा. पुण्याकडं एकाला विचारलं तर ३८ लाख आणि आठ महिने थांबा म्हणाला. चंदीगडच्या अलीकडं एक बांधणारा हाय, त्याच्याकडं ट्रॅव्हलर मिनीबसच्या चासीवर बांधलेली नवी कोरी तयार उभी हाय, ३४ लाख. कमोड, शॉवर, दोन पलंग, एसी, सोलर सगळं. व्हिडिओ कॉलवर दाखवली, झकास दिसते. फक्त बेळगावपासनं दोन हजार किलोमीटर.

विचारूलालोय ते एवढंच. इतक्या लांबनं नवी गाडी आणणं शहाणपणाचं हाय का? काही बिघडलं तर कोण बघणार? पोरगं म्हणतंय पुण्याच्या पत्त्यावर एमएच पासिंग कर, टॅक्स वाचतो. ते करावं का? आणि वर्षातले सहा महिने गाडी उभीच राहणार, तेव्हा भाड्यानं द्यावी असाही एक किडा डोक्यात हाय. ज्यांनी केलंय त्यांनीच सांगा. नुसता व्हिडिओ बघून सांगणारे गल्लीतच पुष्कळ हाईत.

खडेबाजार_कट्टा

काका, ३४ लाख एफडीत टाका. व्याजात दर महिन्याला चार दिवस थ्री स्टारला राहाल, कमोडसकट. वर टॉवेल धुऊन मिळतो.

मागवाला_वडगाव

तो हिशोब पोराने आधीच मांडून दाखवला. त्याच्या आईनं एकच विचारलं, "वाटेत लागली तर?" गप्प बसला.

निपाणीच्या_बाई

वडगावकर भाऊ, मी निपाणीची. बत्तीस वर्षं हायस्कुलात गणित शिकवलं, त्यामुळं हिशोब मांडल्याशिवाय मला रडताही येत नाही. लांबलचक होईल, चहा घेऊन बसा.

आम्ही दोघांनी २०२२ साली दिल्लीच्या बाजूच्या एका बांधणाऱ्याकडनं नवी गाडी घेतली. नाव सांगत नाही, त्यांचं आमचं भांडण मिटलंय. निपाणी ते त्यांचं आवार, सतराशे किलोमीटर. जवळच्यापेक्षा ३ लाख २० हजारांनी स्वस्त. तुमच्यासारखाच आनंद झाला होता.

डिलिव्हरीच्या दिवशी आम्हाला हार घातला, नारळ फोडला, बॉनेटजवळ उभं करून फोटो काढले. मग एका पोरानं दोन तासांत सगळी बटणं दाखवली. मी मोजली, छत्तीस निघाली. दहावीच्या वर्गाला मी दोन तासांत छत्तीस सूत्रं शिकवली असती तर पालकांनी शाळेवर मोर्चा आणला असता. पण तेव्हा आम्हीच विद्यार्थी, मान डोलवत राहिलो. सगळं कळलं असं वाटलं. पाचला निघालो, कारण ह्यांना "उजेडात हायवे गाठायचा" होता.

रात्री आग्र्याच्या अलीकडं ढाब्यावर थांबलो. मध्यरात्री पंपाचा आवाज थांबेना. उठून बघते तर पलंगाखालच्या पाइपची क्लिप निसटलेली आणि टाकीतलं पाणी सगळं आत. अंथरूण-पांघरूण, दशम्यांचा डबा, ह्यांचे बूट, सगळं तरंगत. ह्यांनी पान्हा मागितला. माझ्याकडं होता तो पापड भाजायचा चिमटा. डीलरला फोन लावला तर म्हणाला, "मॅडम, सुबह ले आइए, दो मिनट का काम है." दोन मिनिटांच्या कामासाठी दोनशे किलोमीटर मागं. गेलो नाही. क्लिप चिमट्यानं आवळली आणि पुढचे पंधराशे किलोमीटर दर दोन तासांनी पलंग उचलून बघत आलो.

ही झाली किरकोळ गोष्ट. खरी परीक्षा जूनमध्ये. हौसेनं आंबोलीला गेलो. तिथं वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस, तुम्हाला सांगायला नको. उत्तरेतल्या बांधणाऱ्याला पाऊस म्हणजे वरून पडणारं पाणी. आपल्या जांबोटी-कणकुंबीकडं पाऊस बाजूनं येतो, खालून येतो, चार-चार दिवस उसंत घेत नाही. त्यांनी छतावर सोलरच्या पट्ट्या स्क्रूनं बसवल्या होत्या आणि स्क्रूच्या भोकांवर सीलंटचा नुसता टिळा लावलेला. हवा जायच्या झरोक्याच्या चौकटीचंही तेच. पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. तिसऱ्या दिवशी कपाटात कुबट वास. गणपतीपर्यंत प्लाय फुगला आणि कपाटाची दारं लागेनात. पाणी शिरतं एकीकडं आणि दिसतं चार फुटांवर, हे तेव्हा शिकले.

डीलर म्हणाला, "वॉरंटीत आहे, गाडी आणा, फुकट करून देतो." आता ह्या फुकटाचं गणित बघा. जाऊन-येऊन ३४०० किलोमीटर. आमची गाडी लिटरला दहा देते, म्हणजे ३४० लिटर. डिझेल ९० धरा, ३०,६०० रुपये. दोन्हीकडचा टोल वेगळा. जाताना चार दिवस, येताना चार, मध्ये काम होईपर्यंत आठवडाभर आम्ही राहायचं कुठं? घर तर त्यांच्या गॅरेजमध्ये. सगळं धरून एका फेरीला साठ हजारांच्या खाली उतरत नाही. ३ लाख २० हजारांच्या बचतीतनं अशा पाच फेऱ्या निघतात खऱ्या, पण साठीनंतर अशा पाच फेऱ्या करायला गुडघे कुणाचे वापरायचे?

दोन महिने भांडले. शेवटी त्यांनी एक कारागीर पोरगा पाठवला. निजामुद्दीनहून गोवा एक्स्प्रेसनं बेळगावला उतरला, ह्यांनी जाऊन आणलं. तीन दिवस आमच्याकडं राहिला, झुणका-भाकरी आवडीनं खाल्ली. छत उघडून बघितल्यावर म्हणाला, "हमारे यहाँ इतनी बारिश होती ही नहीं." गुणी पोरगा होता. त्यानं प्रत्येक स्क्रू काढून, खाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) घालून, वरनं सीलंट भरून दिलं. त्यानंतर तीन पावसाळे गेले, एक थेंब नाही. म्हणजे काम येत नव्हतं असं नाही, गरज माहीत नव्हती.

म्हणून माझं सांगणं. लांबनं घ्यायला हरकत नाही. पण गाडी ताब्यात घेतल्यावर निघू नका. दोन रात्री त्यांच्या आवारात नाहीतर दहा-वीस किलोमीटरच्या आत राहा, आणि गाडीतच झोपा. परतीचं काही आरक्षण, कुणाचं लग्न, मुहूर्त, असलं काही पाठीमागं लावून जाऊ नका. आमची चूक तीच झाली, ह्यांच्या भाच्याचा साखरपुडा होता.

पहिल्या दिवशी टाक्या काठोकाठ भरा आणि खराब रस्त्यावर वीस किलोमीटर हाणा. निसटायच्या त्या क्लिपा तिथंच निसटतील. मग गाड्या धुतात त्या वॉशिंग सेंटरला न्या, दोनशे रुपये जास्त द्या आणि अर्धा तास प्रेशरनं पाणी मारायला सांगा. छतावर, खिडक्यांच्या कडांवर, दारावर, मागच्या शिडीच्या नटांवर. नळीनं दहा मिनिटं पाणी मारून "लीक टेस्ट झाली" म्हणतात ते आपल्याकडं चालत नाही. लगेच बघू नका. रात्री झोपा आणि सकाळी प्रत्येक कपाटाच्या आतल्या वरच्या कोपऱ्यात हात घाला. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला लागतं.

वजनही करा. पाणी भरून, डिझेल भरून, तुम्ही दोघं बसून काट्यावर चढवा आणि चासीच्या पाटीवर लिहिलेल्या जास्तीत जास्त वजनाशी ताडून बघा. दीडशे लिटर पाणी म्हणजे दीडशे किलो, हे शोरूममध्ये कुणी बोलत नाही. नुसत्या फर्निचरनंच पाटीवरचा आकडा गाठला असेल तर तुमची भांडीकुंडी कुठं जाणार? (काटा तिकडचाच बघा. आपल्याकडच्या उसाच्या काट्यावर नेलीत तर गाडी दोनशे किलो हलकी भरेल आणि तुम्ही खूश व्हाल.)

आणि संडास. ज्याच्यासाठी एवढं सगळं, तो वहिनींनी स्वतः बसून बघायचा. हसू नका. व्हिडिओत कमोड दिसतो, त्याच्यापुढं गुडघ्याला किती जागा आहे ते दिसत नाही. आमच्यात दार लावलं की गुडघे दाराला टेकतात. उठताना धरायला दांडा हवा, तो तिथंच उभं राहून बसवून घ्या. कॅसेटचा (खाली मैल्याची पेटी असलेला) असेल तर भरलेली पेटी ओढून काढायला वाकावं लागतं आणि ती वीस किलोच्या आसपास होते. ते काम कुणाचं हे घरात आधी ठरवा. आमच्यात ते ठरवायला आग्रा ते धुळे एवढा वेळ लागला.

मागवाला_वडगाव

बाई, तुमचं घरात मोठ्यानं वाचून दाखवलं. दाराला गुडघे टेकतात म्हटल्यावर मंडळींनी पोळपाट बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "मी स्वतः येणार, बसून बघणार, मग पैसे." म्हणजे रेल्वेची दोन तिकिटं.

ते कारागीर पाठवायचं आधीच कागदावर घेता येतं काय?

निपाणीच्या_बाई

येतं, आणि घ्याच. मी नंतर भांडून मिळवलं ते तुम्ही आधी लिहून घ्या. दोन ओळी पुरतात. एक, बांधकामातला दोष वर्षाच्या आत निघाला तर माणूस बेळगावला येईल किंवा स्थानिक दुरुस्तीचं बिल अमुक रकमेपर्यंत कंपनी देईल. दोन, बुकिंगच्या वेळी किती, गाडी तयार झाल्यावर किती, आणि दोन रात्री झाल्यावर शेवटचे किती. शेवटचा लाख राखून ठेवायला ते कांकू करतील. तरी मागा. मागितल्यावर चेहरा कसा होतो त्यावरनंही पुष्कळ कळतं.

करारात खाली बारीक अक्षरात "वाद फक्त अमुक शहराच्या न्यायालयात" असं असतंच. त्याला घाबरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडं तक्रार करता येते. ५० लाखांपर्यंत मोजलेल्या किमतीचं जिल्हा आयोगच बघतो, म्हणजे तुमचं बेळगावातच. ऑनलाइन दाखल होते. मला जावं लागलं नाही, पण "बेळगावला तारखेला यावं लागेल" एवढं वाक्य लिहिल्यावर तो कारागीर पोरगा रेल्वेत बसला.

मात्र गाडी भाड्यानं द्यायला, धंद्यासाठी घेतली असं दिसलं तर तुम्ही त्या कायद्यातले ग्राहकच राहत नाही. तो किडा आधी मारा.

पंचगंगा_काठचा

मी कोल्हापूरचा, आरटीओच्या कामात वीस वर्षं. पासिंगचं मी सांगतो.

काका, पोराचं ऐकू नका. टॅक्सात थोडे टक्के वाचतात म्हणून निम्मं बेळगाव एमएच-०९ (कोल्हापूरचा नंबर) घालून फिरायला बघतं, मला रोज फोन येतात. कायदा सरळ आहे. गाडी नेहमी जिथं राहणार त्या राज्यात नोंद. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की नवा नंबर घ्यायचा, म्हणजे तिथला टॅक्स पुन्हा भरायचा आणि इकडचा परत मिळवायला खेटे घालायचे. तुमची गाडी वडगावच्या शेडमध्ये उभी, तुम्ही वडगावचे, आधार वडगावचं. कारसारखी कार गर्दीत खपून जाते. ही वीस फुटी पांढरी गाडी हत्तरगी टोलवर कुणाच्या नजरेतनं सुटणार? आणि उद्या काही झालं तर विमावाला पहिला प्रश्न पत्त्याचा काढतो. आधीच एक सीमाप्रश्न २००४ पासनं सुप्रीम कोर्टात आहे, त्यात तुमच्या गाडीची भर नको.

केए-२२, म्हणजे बेळगावचाच नंबर घ्या. तिकडनं निघताना तात्पुरती नोंदणी आणि विमा दोन्ही हातात हवेत. तात्पुरती सहा महिन्यांपर्यंत चालते, पण तेवढं ताणू नका, आल्या आल्या बेळगाव आरटीओत उभी करा. टॅक्सचं मात्र आधी बघा. कर्नाटकात २० लाखांवरच्या खाजगी कारला आजीवन कर १८ टक्के आणि वर उपकर. कॅम्पर व्हॅन किंवा कॅरव्हॅनला, म्हणजे असल्या मोटरहोमला, कुठला दर लावणार ते पैसे द्यायच्या आधी आरटीओत चासीचा आणि गाडीचा कागद दाखवून विचारून घ्या. चार लाख वाचले म्हणून नाचताय आणि सहा लाखांचा टॅक्स हिशोबात धरलेलाच नाही, असं मी बघितलंय. दहा लाखांवरच्या गाडीला डीलर १ टक्का टीसीएस (आयकरापोटी आधीच कापून घेतात तो) घेतो, ३४ लाखांवर ३४ हजार. तो बुडत नाही, रिटर्न भरताना धरता येतो. बिलावर नाव-पत्ता बेळगावचाच घाला. आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातनं घेतलं की लागतो तो जीएसटी) लागेल, दर तोच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ती गाडी कागदावर काय आहे? मोटर कॅरव्हॅनला आपल्याकडं एआयएस-१२४ नावाचं मानक आहे. त्याप्रमाणे पुण्याच्या एआरएआय किंवा मानेसरच्या आयकॅटसारख्या संस्थेनं मंजुरी दिलेली असली पाहिजे. त्या मंजुरीची प्रत मागा. विक्रीचा दाखला म्हणजे फॉर्म २१, त्यावर बॉडीचा प्रकार कॅरव्हॅन किंवा कॅम्पर व्हॅन असा हवा. चासी एकाची आणि बॉडी दुसऱ्याची असली की फॉर्म २२-ए येतो, त्याचे दोन भाग असतात. पहिला चासीवाल्याचा, दुसरा बॉडी बांधणाऱ्याचा. दुसरा भाग नसला की आरटीओत गाडी अडते. काही जण साधी पॅसेंजर ट्रॅव्हलर नोंदवतात आणि मग आत पलंग ठोकून देतात. ते कलम ५२ मध्ये अडकतं, कारखान्यानं दिलेल्या नोंदीपेक्षा गाडी बदलायची नाही. सुप्रीम कोर्टानंही २०१९ मध्ये तेच सांगितलंय. आपल्या ऑटोनगरात बांधून घेऊ म्हणणाऱ्यांनाही तेच लागू.

लायसन्सची काळजी नको. गाडीचं एकूण वजन साडेसात टनांच्या आत आहे, तुमचं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं. भाड्याचं बाईंनी सांगितलंच. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं द्यायची नाही, विषय संपला.

फास्टॅग गाडीच्या वर्गाचाच घ्या. तिकडचा घाईत कारचा चिकटवून देतो आणि मग कोगनोळीपर्यंत प्रत्येक टोलला भांडण.

उद्यमबाग_वायरमन

मी उद्यमबागेत पॅनेल बोर्डाचं काम करतो, दोन कॅरव्हॅनची वायरिंग हातानं सोडवलीय. एकीत २३० व्होल्टची आणि १२ व्होल्टची वायर एकाच पाइपातनं ओढलेली होती. म्हणून दोन गोष्टी.

"रात्रभर एसी चालतो" हे वाक्य ऐकलं की बॅटरी किती ते विचारा. १२.८ व्होल्ट २०० अँपिअर-अवरची लिथियम म्हणजे अडीच युनिट. एक टनाचा एसी चालू झाल्यावर हजार-बाराशे वॉट ओढतो, म्हणजे दोन तासांत खेळ खलास. इन्व्हर्टर एसी गार झाल्यावर कमी ओढतो हे खरं, तरी रात्र काढायला पाच युनिट तरी हवीत. बाई म्हणतात त्या दोन रात्रींत चार्जिंगची पिन काढा, एसी लावा आणि घड्याळ बघत झोपा. तसं बघितलं तर बेळगावच्या माणसाला एसीचं एवढं काय? गरिबांचं महाबळेश्वर म्हणतात आपल्या गावाला. पण मे महिन्यात गाणगापूरला खिडकी उघडून बघा.

दुसरं, बॅटरी, इन्व्हर्टर, सोलर कंट्रोलर, फ्रिज, ह्या प्रत्येकाचं वेगळं वॉरंटी कार्ड तुमच्या नावानं मागा, नंबरासकट. ह्या कंपन्यांची सर्व्हिस हुबळी-कोल्हापूरला मिळते. चासीची सर्व्हिस तर कुठल्याही अधिकृत केंद्रात होते, ती बांधणाऱ्याकडं न्यायची नसतेच. डीलरनं सगळं एका बिलात "कॅरव्हॅन १ नग" असं घातलं की प्रत्येक पंख्यासाठी त्याच्याच दारात जायला लागतं. खरं दोन हजार किलोमीटरचं लफडं फक्त पेटीचं, म्हणजे छत, भिंती, फर्निचर, पाणी. त्याचं बाईंनी सांगितलंय.

आणि वायरिंगचा नकाशा. कागदावर काढलेला, कुठला फ्यूज कशाचा ते लिहिलेलं. नसेल तर तिथं बसून काढून घ्या. शेगडी इंडक्शनची असेल तर बॅटरीचा हिशोब पुन्हा करा. गॅसची असेल तर पाच किलोची छोटी टाकी ठेवा, तिचा कप्पा बाहेरून उघडणारा आणि खाली जाळी असलेला हवा. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साठतो. घरची चौदा किलोची टाकी पलंगाखाली सरकवू नका, तसं केलेलंही बघितलंय.

खडेबाजार_कट्टा

एफडीच बरी होती.

मागवाला_वडगाव

मंडळी, सगळ्यांचे आभार. आठ दिवस गप्प होतो, कारण कामाला लागलो होतो.

बेळगाव आरटीओत जाऊन आलो. माझं कानडी मागावरचं, "बाणा तुटला, कांडी संपली" एवढंच, तरी निभावलं. त्यांनी कागद बघून टॅक्सचा आकडा सांगितला. तो धरून चंदीगडची गाडी आणि पुण्याची गाडी ह्यातला फरक काही कमी झाला नाही, कारण टॅक्स दोन्हीला. पण माझ्या बजेटला मात्र मोठं भोक पडलं. पोराला सांगितलं, केए-२२ च. तो "तुमची मर्जी" म्हणाला, म्हणजे पटलंय.

डीलरला सगळं लिहून पाठवलं. मंजुरीची प्रत त्यानं अर्ध्या तासात पाठवली. फॉर्म २२-ए च्या दोन्ही भागांचा नमुनाही आला. वॉरंटी कार्डं वेगळी द्यायला तयार हाय. शेवटचा लाख राखायचं म्हटल्यावर दोन दिवस फोन उचलला नाही. मग पन्नास हजारावर आला. आवारात दोन रात्री राहू देईल, पाणी-वीज देईल, एवढं व्हॉट्सअॅपवर नको, लेटरहेडवर दे म्हटलं, ते दिलं. कारागीर पाठवायचं मात्र तो "देखेंगे" म्हणूलालाय. बाई, हे "देखेंगे" कागदावर उतरेपर्यंत बुकिंगचे पैसे पाठवत नाही.

पण खरी गंमत वेगळीच झाली. डीलरनं गाडीची उंची पाठवली, एसीसकट ३ मीटर ५ सेंटीमीटर. टेप घेऊन शेडाच्या दारात गेलो. एकतीस वर्षं त्या दारातनं माग आत आले, भंगार होऊन बाहेर गेले, कधी मोजलं नव्हतं. २ मीटर ९०. म्हणजे ३४ लाखांची गाडी दोन हजार किलोमीटर आणून रस्त्यावर उभी करायची, आणि वडगावच्या गल्लीत रस्त्यावर उभी केली की कट्ट्यावरच्या पोरांना क्रिकेटला स्टंप कुठं लावायचा हा प्रश्न सुटला.

गवंडी बघून गेला. लिंटल काढून दार सव्वातीन मीटरला नेतो म्हणाला, वरचा पत्राही फूटभर सरकवायला लागणार. एका कोपऱ्यात मागाच्या मोटारीचा थ्री-फेज बोर्ड अजून हाय, तो काढू नको म्हटलं, गाडी चार्ज करायला तिथनंच सिंगल फेजची लाइन घेता येईल. उद्यमबागवाले, जमेल का बघा, सोमवारी येऊन जाता काय? गवंडी त्याच दिवशी हाय.

उद्यमबाग_वायरमन

येतो. साडेनऊला. गवंड्याला बोर्डाच्या बाजूनं हातोडा घालू नको म्हणून सांगून ठेवा.